गिअर काढा, पण आधी मागची खाच बघा

प्रश्न (मच्छे, बेळगाव): माझ्याकडं 15-16 वर्षं जुनी गिअरची लोखंडी सायकल आहे, 26 इंची चाकं, पुढं तीन मागं सहा. गिअर कधीचेच नीट पडत नाहीत, पावसाळ्यात लाल चिखल अडकला की चेन उडते. रोज मच्छे ते उद्यमबाग एवढंच चालवतो. सगळं काढून साधी एकाच गिअरची करावी असा विचार करूलोय. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. पैसे वाया जातील काय?

उत्तर: नाही जाणार. फ्रेम सरळ असेल, कुठं चीर नसेल तर बिनधास्त करा. पण सामान आणायच्या आधी सायकल उलटी ठेवा आणि मागचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) ज्या खाचेत बसतो ती खाच नीट बघा, कारण अर्ध्याहून जास्त काम ह्या खाचेवर ठरतं. खाच आडवी किंवा तिरकी असेल तर चाक मागं ओढून चेन ताणता येते, जुन्या काळ्या सायकलीची ताणतात तशीच. खाच सरळ उभी असेल तर चाक मागंपुढं सरकतच नाही. मी पहिली सायकल बदलली तेव्हा हे बघितलंच नव्हतं, नवी चेन नशिबानं बरोबर बसली म्हणून खूश होतो आणि तीनेक आठवड्यांत ती सैल झाली, दुसऱ्या गेटाजवळ रूळ ओलांडताना धक्का बसला नि चेन खाली, मागनं रिक्षा, पाय टेकून कसाबसा सावरलो. चेन वाढते म्हणजे लोखंड ताणत नाही, आतल्या पिना झिजतात नि लांबी वाढत जाते, त्यामुळं ताण द्यायची सोय ही लागतेच.

उभी खाच निघाली तर जुना डिरेलर (चेन एका चक्रीवरनं दुसरीवर ढकलणारा मागचा भाग) फेकू नका, त्यालाच चेन ताणायला ठेवा. गिअरची केबल काढली की तो स्प्रिंगनं सगळ्यात लहान चक्रीच्या बाजूला जातो, मग त्याचा बारका स्क्रू आत घेत घेत त्याची बारकी चाकं नव्या फ्रीव्हीलच्या (पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी मागची चक्री) बरोबर खाली आणा. स्क्रू पुरला नाही तर केबलचा वीतभर तुकडा अडकवून नट आवळा, डिरेलर जागेवर थांबतो.

आता फ्रीव्हील. सहा गिअरची चक्री बहुतेक वेळा हबवर (चाकाच्या मधला, तारा अडकतात तो भाग) आट्यांनी बसलेली असते आणि साध्या सायकलीचं 18 दात्यांचं फ्रीव्हील त्याच आट्यांवर चढतं (1.37 इंच व्यास, इंचाला 24 आटे). जुनी चक्री काढायला तिच्या खाचांत बसणारा पाना लागतो, तो व्हाईसमध्ये धरून चाकच उलटं फिरवायचं. चाकाच्या तारा आधी सोडू नका हं, तारा गेल्या की जोर लावायला काही उरत नाही.

लोक चुकतात ते चेनच्या रेषेत. साधं फ्रीव्हील हबला चिकटून आत बसतं, पुढची मधली चक्री मात्र त्याच्यापेक्षा बाहेर, मग चेन तिरकी पळते, कुरकुरते, दाते खाते. उपाय असा की एक्सलवरचे उजवीकडचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या आखूड नळ्या) काढून डावीकडं घालायचे, हब उजवीकडं सरकतं, मग डाव्या तारा आवळून उजव्या सैल करून रिम परत मधोमध आणायची. ह्याचा फायदा म्हणजे दोन्हीकडच्या तारांवर ताण जवळजवळ सारखा येतो, चाक आधीपेक्षा मजबूत होतं. स्पेसर कमीजास्त लागला तर तुम्ही उद्यमबागेतच, कारखान्यांच्या भागातच आहात की, कुठल्याही लेथवाल्याकडनं पाइपचा तुकडा टोकं सपाट करून घ्या. फ्रेमच्या मध्यापासून पुढच्या दात्यांपर्यंत आणि मागच्या दोन खाचांच्या मध्यापासून मागच्या दात्यांपर्यंत मोजा, एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो.

पुढं मधली 38 दात्यांची असेल तर तीच ठेवा. 38 ला 18 म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 4.3 मीटर जाते, मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी वीसेक किलोमीटर, तुमच्या रस्त्याला एवढं बास. चेन मात्र साध्या सायकलीची जाड घ्या, गिअरची पातळ चेन ह्या फ्रीव्हीलच्या रुंद दात्यांवर बसत नाही. शेवटी क्रँक हळू पूर्ण फिरवून चेन सगळ्यात घट्ट कुठं होते ते शोधा, तिथं बोटानं दाबल्यावर वरखाली अर्धा इंच हलली पाहिजे.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): मी पण तसंच करतोय, पण मला फिक्सी पाहिजे, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरत राहणारी. साध्या हबवरच फिक्स चक्री बसवली तर?

उत्तर: नको, खरंच नको. पुढं पायडल मारताना चक्री आवळत जाते पण मागं जोर दिला की तीच सुटायला बघते, फिक्सच्या हबवर ती धरायला उलट्या आट्यांची वेगळी रिंग असते, साध्या हबवर ती नसते. कणकुंबीच्या उतारावर पावसात चक्री सुटली तर पायानं वेग धरायला काहीच राहत नाही. फ्रीव्हीलच ठेवा, दोन्ही ब्रेक ठेवा. आणि तुमच्याकडचे चढ बघता मी तर गिअर काढूच नका म्हणेन, केबल आणि तिचं कव्हर नवीन घालून एकदा बघा, बऱ्याचदा गिअर न पडायचं कारण तेवढंच असतं, आत गंज धरलेला असतो.