सूत्रातला अंक, समीकरणातला अंक आणि दराचा घातांक

संयुगाचे सूत्र लिहिताना आणि अभिक्रियेच्या दराची उदाहरणे सोडवताना अंक कोठे घालायचा हेच कळत नाही, असे आपण विचारले आहे. या दोन धड्यांत तीन प्रकारचे अंक येतात आणि प्रत्येक अंक वेगळ्या ठिकाणाहून मिळतो, हे एकदा नीट ध्यानात घेतले तर बराचसा गोंधळ तेथेच मिटतो.

सूत्रात चिन्हाच्या खाली येणारा अंक आयनांवरील, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंवरील किंवा अणुगटांवरील, प्रभारावरून ठरतो. ॲल्युमिनिअमवर ३ धनप्रभार आणि सल्फेटवर २ ऋणप्रभार असल्यामुळे, एकूण प्रभार शून्य होण्यासाठी २ ॲल्युमिनिअम आणि ३ सल्फेट घ्यावे लागतात. तिरकस गुणाकाराची रीत, म्हणजे एका आयनाच्या प्रभाराचा अंक दुसऱ्याच्या खाली लिहिणे, हेच करते. मात्र मॅग्नेशिअम ऑक्साइडसारख्या ठिकाणी ती २ आणि २ असे उत्तर देते, तेव्हा ते १ आणि १ असे संक्षिप्त करावे लागते.

टक्केवारी दिली असेल तर ती थेट वापरू नये, आधी अणुवस्तुमानाने भागावे. समजा, संयुगात कार्बन ४०, हायड्रोजन ६.७ आणि ऑक्सिजन ५३.३ टक्के आहे. अनुक्रमे १२, १ आणि १६ ने भागल्यावर ३.३३, ६.७ आणि ३.३३, म्हणजे १:२:१ हे प्रमाण मिळते. येथे बहुतेक जण थांबतात, पण हे केवळ प्रमाण झाले. या गटाचे वस्तुमान ३० भरते. संयुगाचे रेणुवस्तुमान १८० असेल तर प्रत्येक अंकाला ६ ने गुणावे, म्हणजे ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असे ग्लुकोजचे सूत्र हाती येते. रेणुवस्तुमान ६० असते, तर त्याच टक्केवारीतून ॲसेटिक आम्लाचे सूत्र निघाले असते.

दुसरा अंक म्हणजे समीकरण संतुलित करताना सूत्रापुढे लिहिला जाणारा सहगुणक. संतुलनासाठी सूत्राच्या आतला अंक कधीही बदलू नये, कारण पाण्यातल्या ऑक्सिजनखाली २ लिहिले की ते पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

सहगुणक दराच्या गणितातही लागतो. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या २ रेणूंपासून नायट्रोजन डायऑक्साइडचे ४ आणि ऑक्सिजनचा १ रेणू तयार होतो. १०० सेकंदांत पेंटॉक्साइडची संहती, म्हणजे एका लिटरमधले त्याचे प्रमाण, ०.१०० वरून ०.०८० मोल प्रति लिटर झाली, तर ती सरासरी दर सेकंदाला ०.०००२ ने घटली. त्याच वेळात नायट्रोजन डायऑक्साइड दुप्पट वेगाने, ०.०००४ ने वाढला आणि ऑक्सिजन ०.०००१ ने.

तिसरा अंक हा दराच्या नियमातला, म्हणजे दर संहतीच्या कितव्या घाताप्रमाणे बदलतो हे सांगणाऱ्या सूत्रातला घातांक, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण तो सहगुणकावरून उचलण्याचा मोह होतो. वरील अभिक्रियेत पेंटॉक्साइडचा सहगुणक २ असूनही घातांक १ आहे. याउलट नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेत घातांक २ आणि १, म्हणजे सहगुणकांइतकेच येतात, आणि अशा उदाहरणांमुळेच चुकीचा नियम मनात पक्का बसतो. घातांक प्रयोगातूनच मिळतो. उदाहरणात प्रयोगातील संहती आणि दर यांचा तक्ता दिलेला असतो; त्यातल्या अशा दोन ओळी निवडाव्यात, ज्यांत तापमान तेच असून एकाच पदार्थाची संहती बदलली आहे: संहती दुप्पट केल्यावर दर दुप्पट झाला तर घातांक १, चौपट झाला तर २, आणि तितकाच राहिला तर ०.