वाचकांचे प्रश्न : एव्हबरीच्या शिळांशेजारून धावताना

प्रश्न : मूळचा गोव्याचा, सध्या स्विंडनला राहतो. रोज डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर धावतो. एव्हबरीची शिळावर्तुळं इथून जवळच आहेत. तिथल्या पायवाटांवर धावायचं तर कोणता मार्ग घ्यावा?
– एक वाचक, स्विंडन, इंग्लंड

एव्हबरी गावातूनच सुरुवात करून गावातच परत या. ही फेरी १० ते ११ किलोमीटरची असून एकूण चढ शे-सव्वाशे मीटर भरतो. निघण्यापूर्वी उत्तरेला स्विंडनच्या रस्त्यालगतची अजस्र शिळा पाहून घ्या. तिचं नावच ‘स्विंडन स्टोन’ आहे. वजन साठ टनांहून अधिक असावं, आणि कधीही न पडलेल्या मोजक्या शिळांपैकी ती एक आहे.

गावातून पूर्वेला ग्रीन स्ट्रीट धरा. अडीचेक किलोमीटरचा हा संथ चढ तुम्हाला माथ्यावरच्या ‘रिजवे’ या पुरातन वाटेला नेऊन सोडतो. इथे रस्त्यावरचा वेग धरू नका. किलोमीटरमागे मिनिट-दीड मिनिट जास्त लागेल असं आधीच धरून चाला. तिथून थोडं उत्तरेला, वाटेच्या पूर्वेकडच्या माळावर एक शिळा आहे. दगडी कुऱ्हाडी घासून घासून तिच्यावर खोल चरे पडले आहेत. आपल्याकडचा वापरून झिजलेला पाटा डोळ्यांपुढे आणा. तेवढ्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही.

मग दक्षिणेला वळा. तीनेक किलोमीटर उतरलं की ओव्हरटन हिल येते. उजव्या-डाव्या हाताची गोल टेकाडं कांस्ययुगातली थडगी आहेत. पुढे ए-४ महामार्ग आडवा येतो. वाहनं फार वेगात असतात, त्यामुळे पूर्ण थांबा आणि चालत ओलांडा. समोर ‘सँक्च्युअरी’, म्हणजे लाकडी खांबांच्या आणि शिळांच्या वर्तुळांची प्राचीन जागा. इथल्या शिळा अठराव्या शतकात उखडून नेल्या. लाकडी खांबांच्या आणि शिळांच्या जागी आता सिमेंटचे ठोकळे आहेत.

तिथून ईस्ट केनेट गावात उतरा आणि शेताच्या कडेने पश्चिमेला वेस्ट केनेटच्या लांब टेकाडाकडे चला. सुमारे १०० मीटर लांबीचं हे थडगं इ. स. पूर्व ३६५०च्या आसपासचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहून हजारेक वर्षांनी जुनं आहे. आतल्या पाच कोठड्यांत जाता येतं. खिशात लहान विजेरी ठेवा. परत ए-४ ओलांडून ओढ्याकाठाने सिल्बरी टेकडीला वळसा घातला की एव्हबरी.

हा शेवटचा तुकडा जानेवारी ते मार्चमध्ये पाण्याखाली जाऊ शकतो, आणि तोही आठवडाभर पाऊस नसताना. इथला खडक खडूचा आहे. शरद ऋतूतला पाऊस तो शोषून घेतो, भूजल सावकाश चढतं आणि कोरडा ओढा उशिराने वाहू लागतो. तसं झालं तर सँक्च्युअरीवरून वेस्ट केनेट अ‍ॅव्हेन्यूकडे या आणि शिळांच्या दुहेरी रांगेच्या बाजूने गावात परता. रिजवेवर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही. अर्धा लिटर बरोबर असू द्या, उन्हाळ्यात पाऊण.

प्रश्न : रिजवेवर पावसानंतर तीनदा घसरले. बूट नवे आणि महागाचे होते. चूक कुठे झाली?
– एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

चूक बहुधा पाय ठेवण्याच्या जागेत आहे. ट्रॅक्टरच्या चाकोरीत खडू दाबून गुळगुळीत झालेला असतो. त्यावर पाणी पडलं की वरचा पातळ थर साबणासारखा होतो आणि सोलच्या दातांना रुतायला जागाच उरत नाही. चाकोरी सोडा आणि मधल्या गवताच्या पट्ट्यावरून, पावलं आखूड टाकत धावा. माथ्यावर काही ठिकाणी चकमकीचे दगड मिसळलेली चिकणमाती आहे. तिथे अडचण उलटी होते, चिखल सोलच्या दातांत भरून राहतो. ४-५ मिलिमीटरचे, विरळ दात असलेले बूट दोन्हीकडे चालतात. त्याहून खोल दात सुक्या, कडक खडूवर तळव्याला बोचतात.

जून-जुलैत गवत वाढून चाकोऱ्या झाकल्या जातात. घोटा मुरगळण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त. गवतातून आल्यावर गोचीड तपासा, विशेषतः गुडघ्यामागे आणि जांघेत. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका. पुढच्या तीन महिन्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल चट्टं दिसलं तर डॉक्टरांना गाठा. तो लाइम रोग असू शकतो.

प्रश्न : एव्हबरीच्या शिळावर्तुळांभोवतीच्या बांधावर फेऱ्या मारून आणि सिल्बरीवर चढून चढाचा सराव केला तर चालेल का?
– एक वाचक, लंडन

सिल्बरीवर चढायला बंदी आहे. सुमारे ४४०० वर्षांपूर्वी माणसांनी रचलेली ती टेकडी. १७७६ मध्ये तिच्यात वरून खोदलेला उभा बोगदा २००० साली माथ्यावर खचला आणि पुढे तो खडूने भरून घ्यावा लागला.

बांधावर चालायला मनाई नाही, पण सराव तिथे करू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. खडूवर मातीचा थर अगदी पातळ आहे. उतारावर एकाच रेषेत पावलं पडत राहिली की गवताची मुळं तुटतात, पांढरा खडू उघडा पडतो आणि पावसात वाहून जातो. हरणांच्या शिंगांनी खंदक खणून उभारलेला हा बांध स्वतःच स्मारक आहे, शिळांइतकंच. दोरी लावून बंद केलेला भाग दिसला तर तिथे गवत रुजवणं चालू आहे असं समजा. चढाचा सराव ग्रीन स्ट्रीटवर करा. शिळांपाशी पोहोचलात की चालत जा. इथे शिळांना हात लावता येतो. मेंढ्या चरत असतील तर लांबून वळसा घ्या, वसंतात पिल्लं असतात. फाटक जसं होतं तसंच लावा.

प्रश्न : नागपूरजवळच्या जुनापाणीला असं धावता येईल का?
– एक वाचक, नागपूर

काटोल रस्त्याने जुनापाणीच्या परिसरापर्यंत धावत जा, वर्तुळांत मात्र चाला. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. ती लोहयुगातली दफनं असून पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १८७९ मध्ये ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. बरेच धोंडे बुटके आणि गवतात बुडालेले असल्यामुळे ठेच हमखास लागते. काहींवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते पाहायचे तर सकाळचं तिरपं ऊन हवं, डोक्यावर सूर्य आला की सावली जाते आणि खळगे दिसेनासे होतात.

पावसाळ्यात काळी माती बुटाला लगडून पाय उचलेनासा होतो. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात आणि त्यात टाच अडकते. नोव्हेंबर ते जानेवारी, उजाडताना निघा.