चिठ्ठी क्रेमोनाची, व्हायोलिन कुठलं?

प्रश्न : आजोबा इथल्या गायनशाळेत व्हायोलिन शिकले. त्यांचं वाद्य परवा माळ्यावर सापडलं. डावीकडच्या एफ-आकाराच्या भोकातून आत पिवळी पडलेली चिठ्ठी दिसते. तिच्यावर लॅटिनमध्ये ‘आंतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस फाचिएबात आन्नो १७२१’ असं छापलंय आणि खाली बारीक अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’. हे खरं स्ट्रॅडिव्हेरियस असेल का? किंमत काय येईल?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही. ते तुमच्या चिठ्ठीनेच सांगितलं आहे. लॅटिन ओळीचा अर्थ ‘क्रेमोनाच्या आंतोनियो स्ट्रादिवारीने अमुक साली घडवलं’ एवढाच. इटलीतल्या क्रेमोनाचे हे नामांकित व्हायोलिन-कारागीर स्ट्रादिवारी १७३७ साली वारले. परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने आणली आणि अमेरिकेने १८९० च्या. म्हणजे तुमचं वाद्य बहुधा त्यानंतरचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेली चिठ्ठी असती, तर १९१८ च्या आधीचा प्रश्नच नव्हता, कारण तो देशच तेव्हा झाला.

जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खेन, मिटेनवाल्ड आणि फ्रान्समधलं मिरकूर इथे व्हायोलिनं हजारोंनी होत. मार्कनॉयकिर्खेनच्या आसपास तर घरोघरी काम वाटून दिलेलं असे. एका घरी नुसत्या माना, दुसऱ्या घरी नुसती पोटं, म्हणजे वाद्याच्या समोरच्या फळ्या. ‘हे स्ट्रादिवारीच्या नमुन्यावर बेतलंय’ असा त्या चिठ्ठीचा अर्थ गिऱ्हाइकालाही ठाऊक असे. पिढ्या उलटल्या की तो अर्थ घरात विसरला जातो आणि चिठ्ठी उरते. खाली देशाचं नाव नसलं तरी हुरळून जाऊ नका. तो सरसाने चिकटवलेला कागद आहे, कुणीही कधीही चिकटवू शकतो.

म्हणून कागद सोडा आणि लाकूड बघा. भोकातून बारीक दिवा आत सोडा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लहान आरसा फिरवून चारही कोपरे पाहा. स्ट्रादिवारी आतल्या साच्यावर काम करत. साच्याला आधी सहा ठोकळे लावायचे, चार कोपऱ्यांना, एक मानेकडे आणि एक तळाशी. मग जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या मेपलच्या पट्ट्या गरम लोखंडावर वाकवून त्यांच्याभोवती बसवायच्या. म्हणून कोपऱ्यांत हलक्या विलोचे ठोकळे असतात आणि वाद्याच्या कमरेला आतून लावलेल्या बारीक पट्ट्यांची टोकं त्या ठोकळ्यांत खाच पाडून रुतवलेली दिसतात. स्वस्त जर्मन वाद्य साच्याशिवाय, थेट पाठीवर उभारलेलं असे. त्यात कोपरे बहुधा रिकामे निघतात. पोटाच्या आतली लांब दांडी, म्हणजे बेसबार, वेगळी चिकटवलेली आहे की पोटाच्याच लाकडातून कोरून ठेवली आहे, तेही पाहा. कोरलेली असेल तर ते घाईचं काम.

आता कडेची काळी-पांढरी-काळी रेघ. चांगल्या वाद्यात ती तीन लाकडी पट्ट्यांची असते, खोबणीत बसवलेली. हलक्या वाद्यात शाईने ओढलेली. कडेचं वार्निश झिजलं आहे तिथे भिंग धरा. शाई वार्निशबरोबर पुसली गेलेली दिसेल, लाकूड तसंच राहिलं असेल.

जुनेपणाचा पुरावा म्हणून मानेचा जोडही लोक दाखवतात. स्ट्रादिवारींच्या काळी मान आखूड होती आणि आतून खिळ्यांनी ठोकलेली. पुढे मोठ्या आवाजासाठी लांब, मागे झुकलेल्या माना आल्या. तेव्हा मूळ शंखाकृती डोकं जपून नव्या मानेवर कलम केलं गेलं. त्यामुळे खुंट्यांच्या घरात सांधा दिसतो. पण खोटी रेघ कोरणारेही होते. एवढ्यावर निर्णय करू नका.

स्ट्रादिवारींची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत आणि बहुतेकांची नोंद आहे. तज्ज्ञ स्प्रूस लाकडाच्या पोटावरची वाढीची वलयं मोजतात. शेवटचं वलय १७३७ नंतरचं निघालं, तर विषय तिथेच संपला. आधीचं निघालं, तर फक्त ‘अशक्य नाही’ एवढंच सिद्ध होतं.

किंमत चिठ्ठीवर नाही, वाद्याच्या तब्येतीवर ठरेल. पोटाला चीर आहे का, मानेचा कोन बसलेला आहे का, हे आधी बघा. जुनी नीट घडवलेली जर्मन वाद्यं दुरुस्त केली की गोड वाजतात. नातवंडांना शिकायला याहून चांगलं वाद्य नवीन घेऊन मिळेलच असं नाही.

प्रश्न : मे महिन्यात कडेचा जोड सुमारे चार बोटं उघडला. सुतार म्हणतो, पांढऱ्या गोंदाने दहा मिनिटांत लावून देतो. लावू का?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : कृपा करून लावू देऊ नका. पोट आणि कडा यांचा जोड मुद्दामच पातळ सरसाने, जरा कच्चा केलेला असतो. लाकूड कोरड्या हवेत आडव्या अंगाने आकसतं, पावसाळ्यात फुगतं. ताण आला की आधी जोड सुटावा, पोट चिरू नये, ही त्यातली सोय. पांढरा गोंद लावलात तर पुढच्या उन्हाळ्यात जोड धरून राहील आणि पोट फाटेल. शिवाय तो काढताना जुनं लाकूडही निघून येतं. सरस मात्र कोमट पाण्याने सुटतो.

कारागीर सरसाचे दाणे गार पाण्यात भिजवून सुमारे ६० अंशांवर, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवतो. उकळला की त्याची पकड जाते. तोवर तुम्ही सगळ्या तारा अर्ध्या पट्टीने उतरवा, पण पूर्ण सैल करू नका. आतली साउंडपोस्ट ही सहा मिलिमीटरची काडी कुठेही चिकटवलेली नसते. घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्याच्या, उजव्या पायाच्या किंचित मागे ती केवळ दाबाने उभी असते. तारा एकदम सैल झाल्या की ती पडते. म्हणून तारा बदलतानाही एकेकच बदला. दर वेळी सूर चढवल्यावर घोडीचा माथा मानेवरच्या, बोटं ठेवायच्या पट्टीकडे झुकतो. टेलपीसकडची, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या तुकड्याकडची, तिची बाजू पोटाशी काटकोनात आहे ना ते पाहा आणि दोन्ही हातांनी हलकेच मागे आणा. पेटीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं बघा.

प्रश्न : वार्निश काळवंडलंय. पॉलिश करून घेऊ का? स्ट्रादिवारींच्या गुप्त वार्निशबद्दल ऐकलंय.

उत्तर : पॉलिश नको. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या पाच स्ट्रादिवारी वाद्यांची तपासणी २००९ साली प्रसिद्ध झाली. आधी सुकणाऱ्या तेलाचा थर, त्यावर तेल आणि पाइनची राळ, काहींमध्ये लाल रंगद्रव्य, एवढंच निघालं. त्या काळी चित्रकारही हेच पदार्थ वापरत. तुमच्या वाद्यावरचा काळा थर बऱ्याचदा गजाला लावायच्या राळेचा भुगा आणि घाम यांचा असतो. वाजवून झालं की मऊ कोरड्या सुती फडक्याने पुसा. स्पिरिट अजिबात लावू नका, वार्निशच विरघळेल. साचलेली राळ कारागिराकडूनच काढून घ्या.