उसातील रुबिस्को आणि सोयाबीनमधील रुबिस्को

प्रश्न : उसाच्या पानात हवेतील कार्बन डायऑक्साइड धरणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) सोयाबीनच्या मानाने कमी असूनही ऊस अधिक जोमाने वाढतो, असे वाचनात आले. दोन्ही पिकांतील विकर एकच असते की त्यातही प्रकार असतात? त्याची रचना कशी असते? – एक वाचक, जि. सांगली

उत्तर : विकर एकच, पण त्याचा स्वभाव पिकागणिक थोडा बदलतो. जमिनीवरील सर्व हिरव्या वनस्पतींत रुबिस्को सोळा प्रथिन-साखळ्यांचे बनलेले असते. सुमारे 475 अमिनो आम्लांच्या आठ मोठ्या साखळ्या मधल्या भागात जोडीजोडीने बसतात आणि आठ लहान साखळ्यांपैकी चार वरच्या, तर चार खालच्या टोकाला असतात. प्रत्यक्ष काम चालते ते जोडीतील दोन मोठ्या साखळ्यांच्या सांध्यात. एकट्या साखळीला ते साधत नाही. विशेष म्हणजे मोठ्या साखळीचे जनुक हरितलवकात (पेशीतील हिरव्या कणांत) असते, लहान साखळीची जनुके मात्र पेशीकेंद्रकात असतात, आणि तीही एकाहून अधिक. लहान साखळी बाहेर तयार होऊन हरितलवकात आल्यावरच जुळणी पूर्ण होते. काही जिवाणूंमध्ये लहान साखळ्यांवाचून केवळ दोन मोठ्या साखळ्यांचे रुबिस्कोही आढळते, पण तो प्रकार पिकांत नाही.

या विकराची खोड अशी की कार्बन डायऑक्साइडऐवजी ते ऑक्सिजनलाही धरते. सोयाबीन, गहू, भात यांच्या पानांत साधारण 25 अंश तापमानाला चार-पाच वेळांतून एकदा असे घडते, ऊन वाढले की त्याहून अधिक वेळा, आणि त्यातून निर्माण होणारा निरुपयोगी पदार्थ निस्तरण्यात पिकाची ऊर्जा व आधी मिळवलेला काही कार्बन खर्ची पडतो. शिवाय वेगही सेकंदाला जेमतेम तीन रेणूंचा, म्हणून ही पिके पानातील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा या एका विकरावर घालतात. रुबिस्कोला सरसकट ‘आळशी’ म्हणण्याची पद्धत मात्र मला अन्यायकारक वाटते, कारण वेग आणि निवड यांत ओढाताण असते : वेगवान प्रकार बहुधा कार्बन डायऑक्साइडला तितके घट्ट धरत नाहीत.

उसाला नेमकी हीच तडजोड परवडते. ऊस, ज्वारी, मका यांच्या पानांत बाहेरच्या पेशींतील दुसरे एक विकर, ज्याला ऑक्सिजनशी काहीच देणेघेणे नाही, आधी कार्बन पकडते आणि चार कार्बनांच्या आम्लाच्या रूपाने तो शिरांभोवतीच्या पेशींकडे धाडते. तेथे पुन्हा मोकळ्या होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की ऑक्सिजनला फारसा वाव उरत नाही. अशा ठिकाणी पकड सैल असली तरी बिघडत नाही, वेग कामी येतो आणि थोड्या विकरात भागते. ही वाट प्रथम उसावरील प्रयोगांतूनच उलगडली. हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात 1966 मध्ये ती मांडली.

हा फरक किती बारीक असू शकतो, हे झेंडूच्या कुळातील फ्लेवेरिया या वनस्पतीत दिसले. तिच्या काही जाती सोयाबीनच्या पद्धतीने, तर काही उसाच्या पद्धतीने कार्बन घेतात. मोठ्या साखळीतील 309 व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असेल तर विकर पहिल्या धाटणीचे, आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल असेल तर दुसऱ्या धाटणीचे, असे 2011 मध्ये दाखवले गेले. लहान साखळीही नुसती शोभेची नाही : ज्वारीच्या लहान साखळीचे जनुक भातात घातल्यावर तयार झालेले मिश्र विकर भाताच्या मूळ विकरापेक्षा वेगाने चालले.

मग उसाचे विकर सोयाबीनमध्ये घालून उत्पादन वाढवावे का, असे तुमच्या मनात येईल. नुसते विकर बदलून भागत नाही. 2014 मध्ये तंबाखूचे स्वतःचे रुबिस्को काढून त्या जागी नीलहरित जिवाणूचे वेगवान रुबिस्को बसवण्यात आले. झाडे वाढली, पण हवेत कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवून ठेवल्यावरच. त्या जिवाणूत विकराभोवती तो वायू साठवणारी यंत्रणा असते, तंबाखूच्या पानात ती नव्हती.