स्वखर्चाने छापलेल्या ५०० प्रती घरात पडून आहेत. नव्या लेखकाने पुस्तक लोकांपर्यंत न्यायचं कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऐरोलीजवळच्या गावातले, आगरी घरातले तुम्ही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमिनी घेतल्यावर गावात काय काय बदललं त्यावर तेरा कथा लिहिल्यात, निम्मे संवाद आगरी बोलीत, आणि स्वखर्चाने ५०० प्रती छापल्यात. फेसबुकवर रोज पोस्ट टाकून दोन महिन्यांत ३४ प्रती गेल्या, त्याही बहुतेक नातेवाइकांनी घेतल्या. आता कुणीतरी ४५ हजारांचं 'प्रमोशन पॅकेज' देऊ करतंय, ते घ्यावं का, असं विचारलंय.

घेऊ नका. बाकीचं सावकाश सांगते, कारण मी अशाच एका पॅकेजला ३० हजार रुपये देऊन बसले होते.

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते. वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात २६ वर्षं इन्स्पेक्शनला होते. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे ही वागळे इस्टेट. तिथे पॅकिंगला, असेंब्लीला येणाऱ्या बायकांच्या आठवणी मी लिहिल्या. १४४ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ फर्मे, किंमत २२० रुपये. पॅकेजवाल्यांनी वीस रंगीत पोस्टरं केली, एक मिनिटाचा व्हिडिओ केला आणि फेसबुकच्या पानाला चार हजार लाइक्स मिळवून दिले. लाइक करणारी माणसं कुठली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या महिन्यात अनोळखी माणसांकडून मागणी आली ती दोन प्रतींची. त्या सगळ्या खटाटोपात माझ्या पुस्तकातलं एक वाक्यही कुणी वाचलेलं नव्हतं. पोस्टरवरसुद्धा मुखपृष्ठ आणि 'अवश्य वाचा', एवढंच.

प्रकाशन समारंभही केला. हॉल, शाल-श्रीफळ, चहा-वडा, सव्वाशे माणसं. विकल्या गेल्या ३१ प्रती. समारंभ करू नका असं मी सांगणार नाही. माझी आई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती, आणि ते मला आयुष्यभर पुरेल. पण तो खर्च घरच्या कार्याचा म्हणून धरा, विक्रीच्या खात्यात मांडू नका.

मला खरी उपयोगी पडली ती एक दोनशे पानी वही. प्रत कोणी घेतली, फोन नंबर, आणि 'पुस्तकाबद्दल कोणाकडून कळलं?' एवढं प्रत्येकाला विचारून लिहीत गेले. चौदा महिन्यांत ४१२ प्रती गेल्या. समारंभात ३१. फेसबुकवरून २२, त्यातच पॅकेजच्या त्या दोन. दुकानांतून ४६, वाचनालयांना ५८. मी स्वतः जाऊन वाचून दाखवलं तिथे ११७. आणि उरलेल्या १३८ गेल्या त्या ज्याने वाचलं त्याने दुसऱ्याला सांगितलं म्हणून. हे शेवटचे दोन आकडे मिळून निम्म्याहून जास्त होतात, आणि त्यांना खर्च आला तो रिक्षाभाड्याचा.

पहिलं वाचन झालं ते सावरकर नगरमधल्या एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला. अध्यक्षबाईंना म्हटलं, सत्कार नको, भाषण नको, दहा मिनिटं द्या. साडेतीन पानं वाचली. सकाळच्या पाळीला गेटवर कार्ड पंच करायचं, वेळेत असलं तर आकडा निळा उमटायचा, एक मिनिट उशीर झाला की लाल. लाल आकडा म्हणजे अर्ध्या तासाचा पगार गेला. त्यामुळे बस चुकलेल्या बायका चप्पल हातात घेऊन पळत यायच्या. एवढं वाचून झालं आणि दुसऱ्या रांगेतल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या. हातात तिळगुळाची पुडी होती, ती त्यांनी शेजारणीकडे दिली. "आमच्याकडे पण आकडा लालच यायचा," म्हणाल्या. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, ते पान शोधलं, ओळीखाली बोट धरून तोंडातल्या तोंडात पुन्हा वाचलं. मग मागे वळून सगळ्यांना सांगायला लागल्या, कुठल्या कंपनीत होत्या, किती वर्षं, सुपरवायझर कसा होता. दहा मिनिटांचा दीड तास झाला. त्या दिवशी १९ प्रती गेल्या. पाच एकट्या त्या काकूंनी घेतल्या. एक स्वतःला, एक लेकीला, आणि तीन एकाच टेबलावर बारा वर्षं बसलेल्या मैत्रिणींना. त्यातली एक आता बदलापूरला असते, एक कल्याणला. माझ्या वहीप्रमाणे त्या पाच प्रतींमधून पुढे आणखी २३ गेल्या.

पुस्तक सगळ्यांसाठी आहे असं मीही आधी म्हणत होते. त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं. पहिले पन्नास वाचक असे शोधायचे की ज्यांच्या घरातली गोष्ट आपण लिहिली आहे. ते आधीच कुठेतरी जमत असतात, भिशीला, मंडळात, कट्ट्यावर, देवळात. तिथे जायचं आणि वाचायचं. 'विकत घ्या' हे शब्द मला फार कमी वेळा वापरावे लागले.

हिशेबही सांगते, कारण इथे नवा लेखक फसतो. मला एक प्रत ९५ रुपयांना पडली. दुकानदार किंवा वितरक ३५ ते ४० टक्के कमिशन मागतात. ४० टक्क्यांनी २२० मधले ८८ गेले, हाती आले १३२, त्यातून छपाई वजा केली की ३७ रुपये. तेही प्रत विकली गेल्यावर तीन-चार महिन्यांनी. तीच प्रत वाचकाला १८० ला थेट दिली तर माझ्याकडे ८५ उरतात आणि त्याचेही ४० वाचतात. म्हणून आधी थेट विक्री. दुकानात पाच-पाच प्रतीच ठेवा, चलनावर सही-तारीख घ्या, आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघा. एका दुकानात माझ्या दहा प्रती सुतळीसकट आतल्या खोलीत पाच महिने तशाच होत्या.

टपालाने पाठवायच्या असतील तर पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा मे २०२५ पासून सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. कुठली पुस्तकं त्यात चालतात याचे नियम आहेत, तेव्हा एक प्रत घेऊन आधी काउंटरवर विचारा.

वाचनालयांकडे बहुतेक नवे लेखक जातच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, हजारो वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकखरेदीचाच असतो. ठाण्यात तर मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून उभं आहे, वाचायची सवय या शहराला जुनी आहे. मी आमच्या भागातल्या वाचनालयाला एक प्रत भेट दिली आणि ग्रंथपाल बाईंना एवढंच म्हटलं, कुणी नेलं तर मला कळवा. चार महिन्यांनी त्यांनी शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी उघडून दाखवली. नऊ शिक्के होते. एक शिक्का ओल्या बोटाने पुसट झालेला, एक तिरका पडलेला. मी त्या चिठ्ठीचा फोनवर फोटो काढून घेतला. पुढच्या वाचनालयात गेले की परीक्षणाचं कात्रण काढायच्या आधी तो फोटो दाखवायचे. ग्रंथपालाला आपल्यासारख्याच दुसऱ्या ग्रंथपालाच्या शिक्क्याची भाषा लगेच कळते. वाचनालयांच्या त्या ५८ प्रती बऱ्याचशा त्या फोटोने गेल्या. याशिवाय ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, त्यासाठी पुस्तक मुदतीत पाठवावं लागतं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव कधी आहे, तेही तिथेच कळेल.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन होतो. तुमच्या पुस्तकावर क्रमांक आहे असं दिसतंय, पण तो कुणाच्या नावाने घेतलाय ते तपासा. प्रकाशक म्हणून दुसऱ्याचं नाव असेल तर पुढची आवृत्ती काढताना गुंता होतो. प्रकाशक तुम्हीच असाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं तुमच्याकडे येतं. मुदत ३० दिवसांची आहे. राहिलं असेल तर आता पाठवून द्या.

परीक्षणासाठी मी सुरुवातीला सरसकट प्रती वाटल्या. 'साभार पोच'मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, दोन ओळी आल्या, बाकी शांतता. नंतर फक्त आठ माणसं निवडली, ज्यांनी कामगार वस्तीवर किंवा बायकांच्या नोकरीवर याआधी काही लिहिलं होतं. प्रत्येकाला हाताने पत्र लिहिलं, कुठलं प्रकरण आधी वाचावं ते सांगितलं. तिघांनी लिहिलं. दिवाळी अंकांचंही तसंच आहे. पुढच्या संग्रहातली एखादी नवी कथा उन्हाळ्यातच पाठवून ठेवा, गणपतीत पाठवून उपयोग नाही. कथा छापून आली की खाली लेखकाच्या ओळखीत या पुस्तकाचं नाव येतं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे, त्याची जाहिरात आली की प्रवेशिका जरूर भरा.

एक तांत्रिक गोष्ट. तुमची पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याने मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवला असेल तर त्याच्याकडून युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी दिसेल अशी, फाइल मागून घ्या आणि ती स्वतः ओळ न् ओळ तपासा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आगरी शब्द तर जास्तच. ही फाइल हातात असली की ई-बुक करता येतं, किंडलवर मराठी चालतं, आणि व्हॉट्सॲपवर उतारा पाठवायचा तर पुन्हा टाइप करायला लागत नाही.

आता तुमच्या पुस्तकाबद्दल. तुम्ही पोस्टमध्ये पहिल्या कथेतल्या चार ओळी दिल्या आहेत, आजी सातबारा उशाखाली घेऊन झोपते त्या. मी त्या मोठ्याने वाचून बघितल्या. डोळ्यांनी वाचताना मी दोन ठिकाणी अडखळले होते, कानाला मात्र एकदम लागल्या. तुमचं पुस्तक ऐकण्याचं आहे. सिडको १९७० साली आली, तेव्हा जमीन ज्यांच्या नावावर होती त्यातले पुष्कळ आज हयात नाहीत, जे आहेत त्यांना छापील पानं वाचवतीलच असं नाही. पण ते ऐकतील. आणि शेजारी बसून नातवंडंही ऐकतील, जी त्याच जमिनीवरच्या काचेच्या इमारतींत नोकरीला जातात. प्रती ती नातवंडं घेतील, आजीसाठी. घणसोली, गोठिवली, राबाडे, दिवे, एकेका गावात देवळाचं सभागृह आहे, चैत्रात जत्रा आहेत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणजवळ जासई-पागोट्याला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, दर जानेवारीला त्यांच्या स्मरणाला लोक जमतात. तिथे विक्रीचं टेबल लावायची घाई नको. आधी आयोजकांना एक प्रत द्या, वाचू द्या, त्यांनी बोलावलं तर जा.

प्रत्येक कथेतली तीन मिनिटं आगरीत रेकॉर्ड करा, तुमच्या स्वतःच्या आवाजात, मागे संगीत नको. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आवाज, खाली पुस्तकाचं नाव, १८० की २०० जी ठरवाल ती किंमत आणि क्यूआर कोड. पोस्टरची गरज पडणार नाही.

एक सांभाळा. गाव लहान असतं आणि कथेतली माणसं ओळखू येतात. माझ्या पुस्तकात नाव बदललेल्या एका बाईने स्वतःला ओळखलं, तिला दुःख झालं, आणि मला तिच्या घरी जाऊन बसावं लागलं. ज्या घराची गोष्ट आहे त्या घरी वाचनाआधी जाऊन या.

आणि पहिलं काम, याच आठवड्यात. वही आणा. पहिल्या पानावर त्या ३४ जणांची नावं लिहा, नातेवाईक असले तरी. एकेकाला फोन करून विचारा, पुस्तक संपवलं का, कुठली कथा राहिली मनात. ज्याने शेवटपर्यंत वाचलंय त्याच्याच ओटीवर पहिलं वाचन ठेवा. पंधरा प्रती न्या, पन्नास नको, आणि वीसच्या नोटा सुट्ट्या ठेवा.