कोर्टाचा आदेश झाला, तरी हप्त्याचा मेसेज मलाच!

"ताई, कोर्टानं त लिहून देल्लं, मंग बँकवाले मलेच कावून फोन करते?" दर्यापूरकडच्या एका अंगणवाडी सेविकेचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) संमतीनं घटस्फोट झालेल्या बऱ्याच जणी हेच विचारतात.

तडजोड पुरसीस, म्हणजे दोघांनी कोर्टात दिलेला समझोत्याचा लेखी कागद, मी वाचली. घर नवऱ्याकडे राहील आणि घराचं कर्ज तो एकट्याच्या नावावर करून घेईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. मुदत तेवढी लिहिलेली नव्हती. त्यामुळे आधी 'कापूस निघू दे', मग 'तूर विकू दे', मग 'पेरणी आटपू दे'. शेतकऱ्याच्या वर्षात सबबींना तोटा नसतो.

बँकेचं म्हणणं मात्र चूक नाही. ती त्या खटल्यात पक्षकार नव्हती. तिच्या लेखी दोघंही सहकर्जदार, आणि सगळी बाकी कोणाही एकाकडून मागता येते. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि दोघांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग लागतो. म्हणून मॅनेजरशी भांडण्यात तिनं शक्ती घालवू नये असं मी सांगितलं. आदेश नवऱ्यावर बंधनकारक आहे, तेव्हा तो पाळायला लावायचाही त्यालाच.

त्यासाठी कोर्टात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 32 खाली, ऐपत आणि संधी असून आदेश न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते. हे ऐकताच ती गप्प झाली. "थो जेलात गेला त पोराईले काय सांगू?" खरी अडचण कलमांची नव्हतीच. माहेरचे म्हणत होते, सुटलीस ना, आता पुन्हा कोर्ट कशाला. मुलांच्या बापाला त्रास दिला असं गावानं म्हणू नये, ही भीती तिला हप्त्यापेक्षा मोठी वाटत होती. आमचं बरंचसं बोलणं त्यावरच झालं. कैद हे शेवटचं टोक आहे आणि बहुतेक वेळा नोटिशीनंच माणूस हलतो, हे पटल्यावर ती हुकूमनाम्याची (कोर्टाच्या त्या आदेशाची) नकल घेऊन तालुका विधी सेवा समितीत गेली. बाईला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. उगाच थांबूही नये: दरखास्त टाकायला साध्या हुकूमनाम्याला 12 वर्षं असली, तरी 'अमुक कर' अशा आज्ञार्थी मनाईहुकुमाला 3 वर्षंच आहेत.

वकिलांनी आधी तारीख घालून नोटीस दिली, मग दरखास्त. तेव्हा कुठे नवरा बोलला: एकट्याच्या उत्पन्नावर बँक कर्ज ठेवायला तयार नाही. यात तथ्य होतं. कोर्ट बँकेला कर्ज द्यायला लावू शकत नाही. उरले दोन रस्ते, घर विकून कर्ज फेडायचं किंवा दुसरा सहकर्जदार आणायचा. घर विकायची गोष्ट निघताच पगारदार धाकटा भाऊ सापडला.

तरी एक खोडा होताच. तो म्हणे, आधी हक्कसोडपत्रावर सही कर, मग बँकेचं बघतो. मी तिला निक्षून सांगितलं, उलट करायचं. सही झाली की घर गेलं, कर्ज मात्र गळ्यात. तिनं कर्जातून नाव कमी केल्याचं बँकेचं लेखी पत्र हातात घेतलं आणि त्यानंतरच सही केली. सिबिलवर जुनं कर्ज अजून दिसतंय. ते पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज केलाय.