वाचकांचे प्रश्न : जुन्या बोटीतले जुने डिझेल इंजिन ठेवावे की बदलावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या दोन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. येथील कालव्यांवर पूर्वी माल वाहणारी एक लांब, अरुंद बोट दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात मी सुट्टीच्या दिवशी काम करतो. बोटीत एका सिलिंडरचे जुने स्वीडिश बोलिंडर इंजिन आहे. ते सुरू करायला वेळ लागतो, धूर फार होतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. बोटीचे शरीर जपावे आणि इंजिन नवे बसवावे, असे गटातील निम्म्या लोकांचे म्हणणे आहे. आपले मत काय? — एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : इंजिन काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या बोटीचा आकार कालव्यावर बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या अरुंद कोठड्यांच्या (लॉकच्या) दरवाजांनी ठरवला. सुमारे 7 फूट रुंदी आणि सुमारे 70 फूट लांबी यापलीकडे तिला जाताच येत नव्हते. अशा अरुंद बोटीत वाफेचे इंजिन बसवले की बॉयलर आणि कोळसा मिळून मालाची मोलाची जागा खात असत आणि आगवाला म्हणून एक माणूस जास्तीचा लागे. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या तिथल्या मोठ्या वाहतूक कंपनीने 1912 पासून बोलिंडर इंजिने बसवायला सुरुवात केली, ती या अडचणीवर उपाय म्हणून. बॉयलर गेला, माल वाढला आणि एका कुटुंबाला बोट चालवणे शक्य झाले. त्या कालव्यांवरच्या बोटवाल्या कुटुंबांचे पुढच्या काही दशकांतले जगणे या इंजिनाच्या ठोक्यावर बेतलेले होते. इंजिन काढून टाकले, तर बोटीचा मागचा भाग असा का बांधला आहे आणि राहण्याची खोली एवढी छोटी का आहे, याचा उलगडा पाहणाऱ्याला होणार नाही.

काटेकोरपणे बोलायचे तर बोलिंडर हे पूर्ण डिझेल इंजिन नव्हे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात (त्याची यशस्वी चाचणी 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली) हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. बोलिंडरमध्ये दाब कमी असतो. सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा आधी ब्लो लॅम्पने बाहेरून तापवावा लागतो आणि त्या तापलेल्या गोळ्यामुळे तेल पेट घेते. गोळा पुरेसा तापला की फ्लायव्हीलमधली खुंटी पायाने दाबून चाक झोक्यात मागे ढकलायचे, पहिला ठोका पडताच पाय काढून घ्यायचा, आणि ठोके जुळेपर्यंत कान देऊन उभे राहायचे. याच इंजिनाच्या काही प्रकारांत उलट जाण्यासाठी गिअरबॉक्स नाही. इंजिन बंद पडण्याच्या बेतात येईपर्यंत मंद करून नेमक्या क्षणी तेलाचा एक फवारा वेळेआधी सोडला की पिस्टन वर पोहोचण्याआधीच मागे फेकला जातो आणि इंजिन उलट्या दिशेने फिरू लागते. हे कौशल्य पुस्तकात वाचून येत नाही. ज्याला येते त्याच्याशेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते, आणि त्यासाठी इंजिन बोटीत आणि चालते असावे लागते.

आता निव्वळ व्यवहाराचे पाहू. जुने इंजिन जड असते आणि मिनिटाला 400-500 फेऱ्यांच्या आसपास सावकाश फिरते. त्याला पाण्यात फिरणारा मोठा पंखा (प्रोपेलर) जोडलेला असतो. त्याच्या जागी हलके, वेगाने फिरणारे इंजिन आले की बोटीची मागची बाजू पाण्यातून वर उचलली जाते, पंखा पुरेसा बुडत नाही आणि समतोल साधण्यासाठी तळाशी लोखंडाचे किंवा दगडांचे वजन भरावे लागते. इंजिन ज्या आडव्या-उभ्या तुळयांवर बसते त्या बदलाव्या लागतात, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, म्हणजे शाफ्टचे, भोक नव्याने पाडावे लागते, पंखाही बदलावा लागतो. म्हणजे ज्या शरीरासाठी इंजिनाचा बळी दिला, त्या शरीरालाच अनेक ठिकाणी कापावे लागते. “शरीर जपू, इंजिन बदलू” हा हिशेब कागदावरच सोपा दिसतो.

आपल्या गटातील दुसऱ्या बाजूचे लोक कदाचित ‘प्रेसिडेंट’ या बोटीचे उदाहरण देतील, आणि ते विचार करण्याजोगे आहे. ही बोट 1909 मध्ये वाफेवर चालण्यासाठी बांधली गेली. 1925 मध्ये तिच्यात बोलिंडर बसवले गेले. मोडकळीस आलेली ही बोट 1970 च्या दशकात हौशी लोकांनी घेतली, तेव्हा तिला पुन्हा वाफेची बोट करण्याचे ठरवले. 1983 पासून ती ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमकडे आहे. वाफेच्या मालवाहू बोटी जवळजवळ उरल्याच नव्हत्या, म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो. पण त्याची किंमत म्हणजे बोटीच्या डिझेल आयुष्याची वर्षे पुसली गेली, हेही मान्य करावे लागते. नॉर्वेच्या ‘फ्राम’ जहाजापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कॉलिन आर्चर यांनी बांधलेले आणि 1892 मध्ये पाण्यात उतरलेले हे जहाज संशोधक नान्सेन यांच्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत वाफेवर चालत होते. संशोधक आमुन्सेन 1910 मध्ये ते दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी घेऊन गेले, त्याआधी त्यात 180 अश्वशक्तीचे स्वीडिश डिझेल इंजिन बसवले गेले. वाऱ्याची साथ असेल तेव्हा ते बंद ठेवायचे आणि बर्फ दिसताच थोड्या वेळात सुरू करायचे, हे बॉयलरला जमणारे नव्हते. एकाच जहाजाची ही दोन्ही आयुष्ये खरी आहेत. त्यामुळे कोणतीही बोट दुरुस्तीला घेण्याआधी आपण तिचे कोणते वर्ष जपणार आहोत, हे गटाने लेखी ठरवावे. “मूळ स्वरूप” एवढे लिहिणे पुरेसे नाही. आपल्या बोटीत जे इंजिन आज आहे त्याच इंजिनावर तिने माल वाहिला असेल, तर निर्णय फार अवघड नाही.

सुट्या भागांच्या अडचणीचे उत्तर असे, की पिस्टन रिंग, बुश, पंपाचे प्लंजर ही कामे आजही चांगला लेथ कामगार करून देतो. मोजमापे मात्र जुना भाग झिजून निरुपयोगी होण्याआधी घ्यावी लागतात. पारंपरिक जहाजांच्या जतनासंबंधी 2003 मध्ये बार्सिलोनाची सनद तयार झाली. इमारतींसाठी 1964 ची व्हेनिसची सनद होती, तिचा धागा येथे वापरात असलेल्या जहाजांपर्यंत आणला आहे. तिचा सूर असा, की शक्यतो जुनेच साहित्य आणि जुनीच पद्धत वापरावी. सुरक्षिततेसाठी नवीन उपकरणे जोडायला हरकत नाही. ती पुढे काढता येतील अशी जोडावीत, असे मी त्यात घालीन. इतके करूनही गटाने इंजिन बदलायचेच ठरवले, तर जुने इंजिन भंगारात देऊ नये, जुन्या तुळया कापू नयेत आणि प्रत्येक भाग काढताना त्याचा फोटो, माप आणि जागा नोंदवून ठेवावी. ब्रिटनमध्ये 50 वर्षांहून जुन्या आणि 33 फुटांहून लांब जहाजांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि ती सांभाळणाऱ्या नॅशनल हिस्टॉरिक शिप्स या संस्थेने नोंदी कशा कराव्यात याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. आपल्या बोटीची नोंद अजून झाली नसेल, तर इंजिनाचा वाद मिटण्याची वाट न पाहता ते काम आधी करावे.

प्रश्न : मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो. जुने इंजिन चालवले की झिजते आणि बंद ठेवले की गंजते. संग्रहालयाने यातले काय करावे? बरीच वर्षे बंद असलेले इंजिन पुन्हा चालवताना काय पाहावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण स्वतः इंजिनरूममध्ये आयुष्य काढले आहे, त्यामुळे काही गोष्टी आपल्याला ठाऊकच असतील, इतर वाचकांसाठी त्या येथे देत आहे.

कोपनहेगनच्या वीजकेंद्रात बुर्माइस्टर अँड वाइन यांनी 1932 मध्ये बांधलेले 22,500 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. सुमारे 30 वर्षे ते जगातले सर्वांत मोठे डिझेल इंजिन होते, आणि आज ते संग्रहालयात ठरावीक रविवारी लोकांसमोर चालवले जाते. याच कारखान्याने 1912 मध्ये ‘सेलँडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे सागरी जहाज सेवेत आणले आणि ते कोपनहेगनहून बँकॉकला गेले. ते जहाज 1942 मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ नष्ट झाले, त्यामुळे त्याच्या इंजिनरूमची कल्पना आज फोटो आणि आराखड्यांवरूनच करावी लागते. माझे उत्तर या दोन उदाहरणांच्या मध्ये आहे. जगात एकच उरलेले इंजिन असेल, तर ते हाताने सावकाश फिरवत, तेलात ठेवून जपावे. त्याच जातीची आणखी काही इंजिने शिल्लक असतील, तर त्यांतले किमान एक थोड्या भारावर, थोडा वेळ, पण नियमितपणे चालवावे. वर्षातून एकदा उत्सवापुरते सुरू करून लगेच बंद करणे सर्वांत वाईट, कारण इंजिन पुरेसे तापत नाही आणि आतली वाफ पाणी होऊन तिथेच राहते.

बराच काळ बंद असलेल्या इंजिनाला प्रथम स्टार्टर लावू नये. इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) उचलून, तो नसेल तर इंजेक्टरच्या जागा उघड्या ठेवूनच, फ्लायव्हील हाताने फिरवावे. अडखळले तर जोर न करता कारण शोधावे. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल आणि इंजिन जोराने फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टाकीच्या तळाचे पाणी आणि चिकट काळा गाळ काढावा. हल्लीच्या डिझेलमध्ये जैविक इंधन मिसळलेले असले तर ते हवेतला ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट मऊ करते, म्हणून नळ्या बदलूनच इंधन भरावे. आधुनिक, गाळ सुटा करणारे वंगणतेल जुन्या न उघडलेल्या इंजिनात एकदम घालू नये. वर्षानुवर्षे चिकटून बसलेला गाळ सुटून तेलाच्या बारीक वाटा बंद करतो.

दोन धोके जिवावर बेतणारे आहेत. सायलेन्सर आणि धुराच्या नळीभोवती गुंडाळलेला जुना पांढरट पट्टा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. त्याला हात न लावता तज्ज्ञाला बोलवावे. दुसरा धोका इंजिन बेफाम होण्याचा. इंधनपंपाचा दांडा अडकलेला असेल किंवा झिजलेल्या रिंगांमधून वंगणतेल वर चढत असेल, तर इंजिन गव्हर्नरला (वेग आवरणाऱ्या यंत्रणेला) न जुमानता वेग वाढवत जाते आणि इंधन तोडूनही थांबत नाही. पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी एका माणसाने हातात धरून उभे राहावे, आणि त्याला दुसरे काम देऊ नये.

प्रश्न : आमच्या आजोबांची लाकडी मासेमारीची होडी आहे. तिला पूर्वी शीड होते, नंतर एका सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले. दोन्ही आता वापरात नाहीत. भंगारवाला इंजिन मागतो आहे. सरकारकडे अशा होडीची नोंद होते का? — एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : पुरातन वस्तू आणि कलासंपदेच्या 1972 च्या कायद्यात वस्तू पुरातन ठरण्यासाठी साधारणपणे 100 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपल्या होडीला त्या कायद्याचा आधार मिळणार नाही. ब्रिटनसारखी 50 वर्षांची मर्यादा आपल्याकडे असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. कारण शिडावरून इंजिनावर येण्याचा काळ आपल्या किनाऱ्यावर बहुतांशी स्वातंत्र्यानंतरचा आहे. केरळात नीण्डकरा येथे 1953 मध्ये नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक होड्यांचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याच सुमारास मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरही होड्यांना इंजिने बसू लागली. त्या पिढीच्या होड्या 100 वर्षांच्या होण्याआधीच चुलीत जातील.

म्हणून इंजिन विकू नये, ही माझी विनंती आहे. इंजिनावरची पितळी किंवा पत्र्याची पट्टी न घासता, ओल्या फडक्याने पुसून तिच्यावरचा कारखाना, क्रमांक आणि अश्वशक्ती लिहून घ्यावी. होडीच्या आत इंजिनासाठी कोणत्या फळ्या कापल्या, शिडाच्या काठीची बैठक अजून आहे का, शाफ्टसाठी मागचा भाग कसा बदलला, हे मोजून कागदावर काढावे, कारण शिडाची होडी इंजिनाची झाली ती नेमकी या जागांवर. जो तांडेल किंवा सुतार अजून हयात असेल, त्याला होडीजवळ नेऊन बोलते करावे आणि ते बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. घरी बसून विचारले तर निम्मे आठवत नाही, लाकडाला हात लागला की आठवते.

होडी उन्हात उघडी ठेवू नये. पावसाळ्यात आपल्याकडे झापांनी शाकारतात तशी ती बाराही महिने शाकारावी, बाजूने वारा खेळता ठेवावा, आणि लाकडाला माशाचे तेल लावण्याची जुनी रीत चालू ठेवावी. अगदी कोरडी पडली की फळ्या आकसून फटी उघडतात. पुढे कधी पाण्यात उतरवलीत तर इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेषा होडी काही दिवस तरंगल्यावरच तपासावी. वाळूवर टेकलेल्या लाकडी होडीचा आकार पाण्यातल्या आकाराहून वेगळा असतो, आणि किनाऱ्यावर सरळ जुळलेला शाफ्ट पाण्यात बेअरिंग खातो.